मोतीरामचा ढीग

सुभद्राबाईनं दगड कपाळाला लावून ढिगावर ठेवला. तो घरंगळला आणि दोन धोंड्यांमधल्या फटीत नाहीसा झाला. ती पदर सावरून वळणार, तोच आतून आवाज आला. डुबूक.

ती थबकली.

रोहिणखेडच्या वरच्या रानात सागाच्या झाडांमध्ये असे तीन ढीग होते, छातीएवढे उंच. कोणी रचले, कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटेनं जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा, काढायचा मात्र एकही नाही; ढीग उसवला तर खालचं उठून गावात येतं, एवढंच सारे ऐकत आले होते. मधल्या ढिगापाशी वाघानं तिच्या नवऱ्याला, मोतीरामला, नेलं होतं. हाडूकही सापडलं नाही. तेव्हापासून हा ढीग मोतीरामचा.

आजचा दगड निरोपाचा होता. त्यांच्या वाडीच्या विहिरी आटल्या होत्या. मुलगा उकंडराव खामगावच्या कापसाच्या जिनात कामाला निघाला होता, आणि खाली वाटेवर भरलेली गाडी उभी होती. सगळं सोडून जायला तिची ना नव्हती. हा ढीग तेवढा सोडवत नव्हता.

तिनं आणखी एक खडा फटीत टाकला. डुबूक. मग तिनं वरचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

"माय, चाल नं! ऊन चढून राह्यलं," म्हणत उकंडराव वर आला आणि जागीच उभा राहिला. लहानपणी इथला एक खडा उचलला म्हणून याच आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. "हे काय करून राह्यली तू?"

"अंदर पानी हाये."

"ढिगात पानी? ऊन लागलं तुले."

"तू टाक. कान लावून आयक."

त्यानं खडा टाकला, ऐकलं. मग मुंडासं सोडून मागून आलेल्या बायकोच्या, कोकिळेच्या, हातात दिलं आणि धोंड्यांना हात घातला.

धोंडे आदळल्याचा आवाज वाडीपर्यंत गेला. माणसं आली, पण लांबच उभी राहिली. म्हातारा पुंजाजी तेवढा काठी टेकत पुढं झाला.

"वैनी, मोतीराम उठून आला तं?"

"आलेच तं त्यायलेच पानी वढाले लावीन, भाऊजी."

"अन् जंगलाचा नाकेदार? रान सरकारी हाये म्हनते तो."

"त्याले तहान लागत नाई काय?"

कुणीतरी हसलं. पुंजाजीनं काठी झाडाला टेकवली आणि एक धोंडा उचलला. मग कुणी लांब राहिलं नाही.

ढिगाच्या तळाशी लांब शिळा लागल्या, एक मधोमध तडकलेली. त्या सरकवल्या आणि खाली घडीव दगडांची विहीर उघडी पडली. काठावर दोरानं घासून पडलेल्या खाचा होत्या, बोटभर खोल.

पुंजाजी खाचेतून अंगठा फिरवत राहिला. "गाव होतं बे इथं! सोडून जाताना ढोरं पडू नये म्हनून झाकली असंन. अन् आपन बसलो तिच्यावर दगड वाहत!"

उकंडरावनं गाडीचं सामान बांधलेला दोर सोडून आणला. घागर खाली गेली, भरून वर आली. कोकिळेनं ओंजळ तोंडाला लावली.

"गोड हाये, आत्याबाई!"

मग रानात एकच कल्ला झाला. पुंजाजीनं अख्खी घागर डोक्यावर ओतून घेतली आणि निथळत उरलेल्या दोन ढिगांकडे बोट दाखवलं. पोरं-बायका तिकडं धावल्या.

सुभद्राबाई काठावरून वाकली. आत आभाळ होतं, आणि त्यात तिचा चेहरा.

"उकंडराव."

"हाव, माय."

"गाडी सोड. बैलायले पानी पाज."

तिनं विखुरलेल्यांतला एक चपटा दगड निवडला, कपाळाला लावला आणि विहिरीच्या काठाशी नीट बसवला. कोकिळेनं भरलेली घागर त्यावर ठेवली. घागर हलली नाही.