सदतीस नंबरचं सुतक

मालनबाईंच्या घरात उंदरांचं राज्य होतं आणि त्या राज्याला राजाश्रय होता. उंदरांनी हरभऱ्याची पोती फोडली, गाद्या कुरतडल्या, लग्नातल्या शालूचा पदर तेवढा निवडून चवीनं खाल्ला. पण मालनबाईंनी पिंजऱ्याला हात घातला की मच्छिंद्रराव आडवे यायचे. "खबरदार! आपले सोयरे हायेत ते."

जालन्याकडच्या त्या टेंभुर्णीत दुसऱ्या कुणाचा नवरा असं बोलला असता तर त्याला देवऋष्याकडे नेलं असतं. मच्छिंद्ररावांना मात्र सगळं माफ होतं. दोन वर्षांपूर्वी हैदराबादला त्यांची निकामी फुप्फुसं काढून दुसऱ्या कुणाची तरी बसवली होती, आणि तेव्हापासून ते गावाचं नवल झाले होते. बाजाराच्या दिवशी लोक मुद्दाम त्यांच्या ओट्यावर टेकायचे आणि तोंडाकडे न बघता छातीकडे बघून बोलायचे. फुप्फुसं तिकडची असल्यामुळे हा माणूस आज ना उद्या तेलुगू बोलणार, अशी शेजारच्या साहेबरावांची खात्री होती. तसं काही होईना म्हणून ते जरा नाराजही होते.

उंदरांशी सोयरीक जमवली ती पुतणीनं. रूपाली पुण्याला एका प्रयोगशाळेत होती. दिवाळीला आली तेव्हा तिनं आपलं काम सांगितलं. एका जातीच्या उंदराची श्वासनळी काढायची आणि दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पाठीत, कातडीखाली बसवायची.

"मंग तो पाठीतून श्वास घेतो?" मच्छिंद्ररावांनी विचारलं.

"नाही काका, श्वास त्याच्या स्वतःच्याच नळीनं. परकी नळी अंग कुठवर सांभाळून घेतं, ते आम्ही बघतो. आधी सगळं ठीक असतं. मग अंग हळूहळू कुरबुर करायला लागतं. नळी आतून भरत येते आणि बंद पडते. माणसाच्या नव्या फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचंही पुढं असंच होऊ शकतं. ते थांबवायचं औषध शोधतोय."

मालनबाईंनी तिच्याकडे बघून डोळे वटारले, पण उशीर झाला होता. मच्छिंद्ररावांना जगात आपल्यासारखं कुणीतरी सापडलं होतं.

नवं औषध चालू असलेल्या उंदरांतला सदतीस नंबर त्यांनी आपला म्हणून धरला. तोच का, ते त्यांनाच ठाऊक. सकाळच्या गोळ्या घेतल्या की पुण्याला फोन. "आपले सदतीसराव कसेत? खाऊन राह्यले ना बराबर? माझा रामराम सांग."

"आता उंदराला राव!" मालनबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या. "मला जन्मात कधी अहो केलं न्हाई."

तरी त्या फार ताणत नसत. मागच्या तपासणीत मच्छिंद्ररावांचा यंत्रात फुंकून मोजतात तो श्वासाचा आकडा घसरला होता. नळ्या अरुंद व्हायला लागल्या असतील, लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. मच्छिंद्ररावांनी तिथं हसून मान डोलावली, पण परतताना जालना येईपर्यंत ते तपासणीचा कागद पुन्हा पुन्हा उलगडून तोच आकडा वाचत होते. घरी येऊन मालनबाईंनी भांडी आपटली, उंदरांना शिव्या घातल्या, पण भीती काही गेली नाही.

आणि एका सकाळी फोनवर रूपाली म्हणाली, "काका, सदतीस नंबर गेला."

मच्छिंद्ररावांनी डोक्यावरून पाणी घेतलं, देव्हाऱ्याचा पडदा ओढला, ओसरीत सतरंजी टाकली आणि सुतक धरून बसले. "भाऊबंद न्हाई, सोयरा हाय. तीन दिवस बास," अशी सवलतही त्यांनी स्वतःच जाहीर केली.

"उंदराचं सुतक! लोक तोंडात शेण घालतील," मालनबाई म्हणाल्या.

तेवढ्यात साहेबराव टोपी काढून दारात हजर. "कोण गेलं, वहिनी?"

"लांबचं व्हतं. पुण्याकडचं."

"वय काय व्हतं?"

"जास्ती नव्हतं."

"अरेरे! मागं कोण हाय?"

"लई मोठं खटलं हाय," मालनबाई म्हणाल्या, आणि यात खोटं काहीच नव्हतं.

शेवटी त्यांनीच रूपालीला बोलावून घेतलं. ती आली, कोपऱ्यातल्या लेंड्या बघितल्या आणि कडाडली. "काका, तुमची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम कमी ठेवलीय, आणि घरात उंदीर? आजच्या आज पिंजरा लावा!" मालनबाईंना तिची दृष्ट काढावीशी वाटली.

मग रूपाली सतरंजीजवळ बसली. "आणि तो आजारानं गेला नाही, काका. पाठीतली नळी आतून कशी आहे ते बघायला दुसरा मार्ग नसतो. ठरल्या दिवशी आम्हीच…"

"तुम्ही मारला?"

"हो."

"मंग नळी?"

"उघडी होती. पूर्ण उघडी. पण एका उंदरावरून काही सांगता…"

"उघडी व्हती!" मच्छिंद्रराव बायकोला ओरडून म्हणाले, जणू ती तालुक्याला होती. मालनबाईंना रडूच फुटलं. गॅसवरच्या वरणाचं निमित्त करून त्या आत गेल्या आणि पदरानं डोळे पुसले.

"झालं मंग," त्या आतून म्हणाल्या. "गुंडाळा सतरंजी. लोकांना तोंड दाखवू द्या मला."

मच्छिंद्रराव उठले नाहीत. त्यांनी छातीवर हात ठेवला. "हैदराबादच्या त्या माणसाचं सुतक म्या धरलंच न्हाई, मालन. दवाखान्यानं नाव सांगितलं न्हाई, गाव सांगितलं न्हाई. गडी व्हता का बाई, ते बी न्हाई. कुणाचं म्हणून धरणार? ह्याचा निदान नंबर तरी माहीत व्हता." सतरंजीची कड सारखी करत ते म्हणाले, "आपण तर त्या दिवशी पेढे वाटले."

मालनबाईंना ते पेढे आठवले. खोका घेऊन त्या स्वतःच सगळ्या वॉर्डात फिरल्या होत्या. नर्सच्या हातात दोन दोन कोंबले होते. त्यांनी गॅस बंद केला, पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर आल्या.

"सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "मला बी धरायचंय."