लाल चिंधी

आमच्याकडे बुधवार धुण्याचा. प्राण्यांच्या निवाऱ्यात धुणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. चव्वेचाळीस पिंजरे, त्यातल्या चादरी, पोती, लोकांनी उदार होऊन दिलेले फाटके पडदे, आणि ते सगळं ओलं, केसाळ, चावून चघळून ठेवलेलं. मागच्या मोरीत दोन मोठी पिंपं आहेत. त्यात कढत पाणी, त्यात फिनेल, आणि त्यात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत. अकरा वर्षं झाली. मला इथे सगळे मावशी म्हणतात, माझ्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरसुद्धा. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणोत. माझ्या हातचं कापड नाकाला लावून बघा आणि मग बोला.

धुण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी एका बुधवारी मला नको तिथे दया आली. एक कुत्री नुकतीच व्यायलेली, सहा पिल्लं चादरीत गुरफटून झोपलेली. म्हटलं, असू दे, पुढच्या बुधवारी बघू. पुढचा बुधवार त्या पिल्लांनी पाहिलाच नाही. रोग चादरीतूनच आला असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, पण नाही असंही म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून राजाचं असो की रंकाचं, बुधवारी कापड पिंपात.

याला अपवाद एकच, आणि तो मीच घालून दिलेला. काही लोक आपलं जनावर थोड्या दिवसांसाठी ठेवून जातात, कुणी आजारी असतं, कुणाचं घर बदलायचं असतं. अशांच्या घरची एखादी वस्तू आम्ही पिंजऱ्यात राहू देतो. घरचा वास असला की जनावर जेवतं. त्या पिंजऱ्याच्या दाराला मी लाल चिंधी बांधते. लाल चिंधी म्हणजे आतल्या वस्तूला हात लावायचा नाही. बांधायची मी आणि सोडायचीही मीच.

एकोणीस नंबरला मी चिंधी बांधली ती एका घड्याळजींच्या कुत्र्यासाठी. म्हातारे, काठीसारखे बारीक, घड्याळं दुरुस्त करून करून एक डोळा कायमचा मिचमिचा झालेला. कुत्रंही तसंच, तोंडाभोवती पांढरं, चालणं मोजूनमापून.

"याचं नाव पेन्शनर," ते म्हणाले. "तेरा वर्षं दुकानात माझ्या टेबलाखाली बसला. मी दुकान बंद केलं तसा हाही निवृत्त झाला. आता माझं एक ऑपरेशन आहे. दहा दिवसांत येतो."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं. माझी जीभ ही अशी आहे.

ते हसले. मग अंगातला राखाडी स्वेटर काढला, उजव्या कोपराला तपकिरी ठिगळ लावलेला, आणि पिंजऱ्यात वाकून नीट पसरला. पेन्शनरने त्याच्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि ठिगळावर नाक ठेवून बसला.

"हा धुऊ नका हं, मावशी."

मी त्यांच्यासमोर चिंधी बांधली. दुहेरी गाठ मारून.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला फोन यायचा. हॉस्पिटलमधून बोलायचे आणि प्रश्न एकच, "जेवला का?" मी सांगायची, जेवला, तुम्ही जेवलात का? त्यावर ते म्हणायचे, त्याच्याएवढा नाही. ऑपरेशन पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. तेराव्या दिवशी फोन आला नाही. चौदाव्या दिवशीही नाही. आम्ही केला तर कुणी उचलेना. पाच वाजले की पेन्शनर आपला कान टवकारून बसायचा. फोनचं त्याला काय कळत असेल, पण मी त्या वेळेला त्याच्याशी बोलायची ना, ती सवय त्याला लागली होती.

आणि मी डोक्यात राख घालून घेतली. दहा दिवस म्हणून गेलेले लोक मी ढिगाने पाहिले आहेत. गरज सरो, वैद्य मरो. नंबर बदलतात, घर बदलतात, आणि इथे जनावर दाराकडे तोंड करून म्हातारं होतं. हा माणूस तसा नाही असं मला वाटलं होतं, त्याचाच राग जास्त होता.

एकवीस दिवस झाले की आमचा नियम लागतो. डॉक्टरांनी एकोणीस नंबरचं कार्ड बदललं. 'सांभाळायला' होतं तिथे 'दत्तक द्यायचे आहे' असं लिहिलं. रविवारी लोक जनावरं बघायला येतात. एक नवरा-बायको पेन्शनरपुढे थांबले. नवऱ्याला तो आवडला होता, मला दिसत होतं. बायकोने मात्र नाकाला रुमाल लावला. "किती वास येतोय इथे," म्हणाली आणि मांजरांकडे वळली. नाकाने कांदे सोलणारी बाई होती, पण स्वेटरला वास येत होता हे खरं. घाम, दाढीचा साबण, खोकल्याच्या गोळ्या, म्हाताऱ्या माणसाचा वास.

बुधवारी मी चिंधी सोडली. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, अजून एक आठवडा थांबायचं का?" मी म्हटलं, "कुणासाठी?" स्वेटर ओढताना पेन्शनरने दातांत बाही धरली, पण जोर लावला नाही. भिडस्त जनावर. मी दोनदा फिनेलमध्ये काढला, पिळला, उन्हात वाळवला आणि संध्याकाळी घडी करून त्याच्यापुढे ठेवला. त्याने हुंगला. मग पिंजऱ्याचे चारही कोपरे हुंगले. परत येऊन स्वेटर पुन्हा हुंगला आणि उघड्या फरशीवर जाऊन बसला. त्या रात्रीचं जेवण तसंच राहिलं. गुरुवारचंही. शुक्रवारी डॉक्टरांनी सलाइन लावलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

शनिवारी दुपारी घड्याळजींची मुलगी आली. चाळिशीची असेल, डोळे सुजलेले, हातात नवाकोरा पट्टा, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. दुसऱ्या हातात एक कागद होता, आमचीच पावती. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, 'पेन्शनर, पिंजरा एकोणीस, स्वेटर त्याच्यापाशी.'

"बाबांच्या चष्म्याच्या डबीत सापडली," ती म्हणाली. "सोमवारी गेले ते. त्याआधी दहा दिवस शुद्धच नव्हती."

मी मनात दिवस मोजले. मी चिंधी सोडली तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. आणि फोन बंद झाला तेव्हा माणूस नळ्या लावून पडला होता, आणि मी इथे त्याला शिव्या घालत होते.

"घरमालकिणीला विचारून ठेवलंय मी," मुलगी सांगत होती. "कुत्रा चालेल म्हणाली. मी हॉस्पिटलचे कागद करत होते तोवर दादाने बाबांची खोली रिकामी केली. कपडे धुऊन, इस्त्री करून वाटूनसुद्धा टाकले. भला माणूस आहे, पण घाईचा. आता हा स्वेटर तेवढा राहिला आहे. आणि हा."

मी पिंजरा उघडला. तिने आधी स्वेटर उचलला आणि त्यात तोंड खुपसलं.  आता ही म्हणणार, हा धुतला कुणी? मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "हाच वास." आणि तिचे खांदे हलायला लागले. "शेवटी मी त्यांच्याजवळ बसायचे ना, तेव्हा त्यांच्या अंगाला हाच वास यायचा."

फिनेलचा. हॉस्पिटलच्या फरशीचा. कुठून बोलणार मी? तिच्या हातून तेवढंही काढून घ्यायचं माझ्याच्याने झालं नाही. आणि खोटं कशाला बोलू, माझी लाजही होती त्यात.

मग ती खाली बसली, स्वेटर पेन्शनरपुढे धरला. "बघ रे, कुणाचा आहे? बाबांचा."

पेन्शनरने एकदा हुंगलं, मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

तिने पुन्हा स्वेटर त्याच्या नाकाशी नेला. तो उठून पलीकडच्या कोपऱ्यात गेला. 

"विसरला," ती म्हणाली. "महिनासुद्धा झाला नाही." मग माझ्याकडे वळून, जरा हसायचा प्रयत्न करत, "बाबांना ओळखणारं एक तरी कुणी घरात असावं असं वाटत होतं मला. हा मला ओळखत नाही, आणि आता त्यांनाही नाही. मग मी त्याला नेऊन काय करू? मी दिवसभर कामावर. तुमच्याकडे निदान माणसं तरी आहेत."

तिने पट्टा पर्समध्ये ठेवला, स्वेटर छातीशी धरला आणि फाटकाबाहेर गेली. मी तिथेच. अकरा वर्षं इथे सगळ्यांना फटाफटा ऐकवणारी मी, आणि त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लागलं. एक वाक्य बोलायचं होतं.

रविवार गेला. पेन्शनरने डॉक्टरांच्या हातून चमचाभर पाणी घेतलं, बस. सोमवारी त्या म्हणाल्या, "मावशी, हा आठवडा काढणार नाही." मी कचेरीत गेले, शनिवारी मुलीने वहीत लिहून ठेवलेला नंबर काढला आणि फोन लावला.

"तो विसरला नाही," मी एकदम सांगून टाकलं. "स्वेटर मी धुतला होता. बुधवारी. तुमचे बाबा नका म्हणाले होते तरी धुतला. त्यात त्यांचा वास राहिलेलाच नव्हता, तो कसा ओळखणार?"

 

"मग मी काय उशाशी घेऊन झोपतेय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन दिवस नीट झोप लागली होती मला."

  मी म्हटलं, "मला काय बोलायचं ते बोला, पण नंतर. तो जेवत नाही. त्यांचं आणखी काही उरलंय का? न धुतलेलं?"

"हॉस्पिटलने पिशवी दिली तेवढीच. चष्मा. किल्ल्या. चपला." मग म्हणाली, "चपलांचं काय करणार?"

"तुम्ही काही नाही. तो करेल."

ती मंगळवारी सकाळी आली. माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. पिशवीतून तिने चामड्याच्या झिजलेल्या चपला काढल्या, टाचेकडे जास्त झिजलेल्या, आणि पिंजऱ्याच्या दारात ठेवल्या, माणूस आत गेला की दाराशी असतात तशा.

पेन्शनरला उभं राहायला वेळ लागला. मागचे पाय धड चालत नव्हते. तो आला, डाव्या चपलेत नाक घातलं आणि तसाच राहिला. शेपूट एकदा हलली. मग त्याने मान वर करून दाराकडे पाहिलं, चपलांच्या वर, जिथे माणूस असायला हवा तिथे. पुष्कळ वेळ पाहिलं. पुन्हा चपलेत नाक घातलं आणि घशातून असा आवाज काढला, की शेजारच्या पिंजऱ्यातली भुंकणारी जोडीही गप्प झाली.

मुलगी फरशीवर बसून रडत होती. "अरे, नाहीत ते," ती त्याला सांगत होती. "नाहीत रे ते."

दुपारपर्यंत ती तिथेच बसली. चपलेजवळ ताटली सरकवल्यावर त्याने चार घास खाल्ले. डॉक्टर म्हणाल्या, म्हातारा आहे, महिना की वर्ष ते सांगता यायचं नाही. मुलगी म्हणाली, चालेल. तिने पर्समधून पट्टा काढला, त्याची चिठ्ठी दातांनी तोडली. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात चपला, अशी ती निघाली. पेन्शनर चपला असलेल्या बाजूने चालत होता.

फाटकापाशी ती थांबली, पिशवीतून स्वेटर काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा ठेवा तुमच्याकडे, मावशी. तुम्ही फोन केलात ते बरं केलंत. पण आता मला याच्यात फिनेलच येतं."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सात नंबरमध्ये रस्त्यावर सापडलेली एक मांजर आलेली होती, थंडीने काकडत होती. मी स्वेटर तिच्याखाली घातला. आता तो दर बुधवारी पिंपात जातो, इतरांच्या चादरींबरोबर. कोपराचं ठिगळ उसवत चाललं होतं, ते मी पुन्हा शिवलं. एकोणीस नंबरला हल्ली दुसरा कुत्रा आहे. त्याच्या घरच्यांनी एक जुनी उशी ठेवली आहे आणि आठ दिवसांत येतो म्हणाले आहेत. चिंधी मी तिहेरी गाठ मारून बांधली आहे. आठ दिवस होऊन गेले.