यादीतली एकच ओळ

विद्यापीठाच्या खरेदी विभागातल्या बाईंना सगळे तपशीलबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. पाठीमागे म्हणायची सोय नव्हती, कारण पाठीमागे काय म्हणालात याचाही त्यांनी तपशील मागितला असता. बिलावर कुणी नुसतं 'किरकोळ' लिहून आणलं की त्याचं काही खरं नव्हतं. किरकोळ म्हणजे काय? किती नग? कुठल्या खोलीत ठेवले? चला, दाखवा! बावीस वर्षं बाईंनी हेच केलं, आणि बावीस वर्षं लोकांनी त्यांना चुकवून वरून सह्या आणल्या.

चुकवायची रीत अगदी साधी होती. दहा हजारांच्या वरची खरेदी म्हटली की निविदा, समिती, दहा जणांच्या सह्या. दहा हजारांच्या आत असली की विभागप्रमुखाची एक सही पुरे. त्यामुळे त्या विद्यापीठात जगातली कुठलीही वस्तू नऊ हजार नऊशेलाच मिळायची. पडदे घ्या, पंखे घ्या, नऊ हजार नऊशे! कागद पुरवणारा कागदवाला तर एका टेम्पोतून उतरवलेल्या कागदाची अकरा बिलं बाईंच्या टेबलावर पत्त्यांसारखी पसरायचा आणि वर विचारायचा, "बाई, आज चहा नाही का?" बाई प्रत्येक बिलावर लाल शाईनं आक्षेप लिहायच्या. वरून ते 'मंजूर' होऊन परत यायचं. लाल शाई मात्र बाईंना मागितली की लगेच मिळायची, तेवढं म्हणायला हवं.

अशात नवे कुलसचिव आले. तपासणी समिती यायची होती, तिला दाखवायला काहीतरी झगझगीत हवं होतं. त्यांनी फर्मान काढलं, की दहा हजारांवरची प्रत्येक खरेदी दर महिन्याला संकेतस्थळावर टाकायची. काय घेतलं, कुणाकडून घेतलं, कितीला घेतलं, सगळं जनतेला कळू दे. बाईंना इतका आनंद झाला की तो आदेश त्यांनी स्वतः टाइप केला, आणि घरी येऊन वहिनीला पाठ म्हणून दाखवला.

वहिनी म्हणजे त्यांच्या दादाची बायको. बाई दादाकडेच राहायच्या. खाली दादाचा कारखाना. कारखाना कसला, एक लांबट खोली, भिजत घातलेल्या वेताचं पिंप आणि दोन कारागीर. दादा खुर्च्यांना वेत विणायचा. विद्यापीठाच्या सभागृहातल्या खुर्च्या विणायचं काम त्याला मिळालं होतं ते रीतसर, तिघांत सगळ्यांत कमी दर भरून. 'हा माझा सख्खा भाऊ आहे, या निविदेत मी हात घालणार नाही', असं बाईंनी लेखी कळवून ठेवलं होतं. एकशे साठ खुर्च्या, दर चारशे, एकूण चौसष्ट हजार.

काम झाल्यावर दादानं भीत भीत विचारलं होतं, "अगं, तो कागदवाला म्हणतो तुकडे कर. पैसे लवकर सुटतात."

"खबरदार!" बाई कडाडल्या. "माझ्याच भावानं तुकडे केले तर मी उद्या कुणाला तोंड दाखवू? एकच बिल दे. खुर्चीवार."

दादानं बहिणीपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. एकच बिल दिलं, खुर्चीवार, चार पानी.

महिना संपला आणि पहिली यादी निघाली. बाईंनी ती छापून पाहिली, तर एकच ओळ. त्यांना वाटलं, पुढची पानं यंत्रात अडकली असतील. उघडून पाहिलं, काही अडकलेलं नव्हतं. बाकी सगळं विद्यापीठ नऊ हजार नऊशेत बसलं होतं. दहा हजारांच्या वर अख्ख्या महिन्यात एकच माणूस गेला होता, आणि तो बाईंचा दादा होता.

वर्तमानपत्राला आणखी काय हवं? 'विद्यापीठाची एकमेव मोठी खरेदी, खरेदी विभागातील बाईंच्या भावाकडून!' बाईंचं ते लेखी पत्र फायलीत होतं, पण फाईल कोण उघडतंय? आठवड्याभरात एका शाळेनं दादाला दिलेलं काम काढून घेतलं, मग दवाखान्यानं. कारागीर नुसते बसून राहिले. वहिनी ताट वाढताना भांडी जोरात आपटायला लागली. भावाच्या पोटावर पाय आला होता, आणि तो पाय आपलाच, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

कुलसचिवांनी बोलावून घेतलं. आवाज लोण्यासारखा. "बाई, तुमच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नाही हो. पण समिती पुढच्या आठवड्यात येतेय. भावाला ते बिल मागे घ्यायला सांगा, नवीन द्या म्हणावं. इतरांसारखं. आपण सुधारित यादी टाकू. पुढच्या वर्षी ग्रंथालयाच्या खुर्च्या आहेतच. नाहीतर मग मला चौकशी लावावी लागेल, आणि ती संपेपर्यंत त्यांचे पैसे अडकतील."

बाई घरी आल्या त्या थेट कारखान्यात. सांगायचं कसं, हेच ठरत नव्हतं. पण दादानंच खिशातून कागद काढले. सात बिलं. "कागदवाल्यानं बसून लिहून दिली," तो म्हणाला. "भला माणूस आहे गं."

बाईंनी बिलं हातात घेतली. प्रत्येकावर 'खुर्चीदुरुस्ती, किरकोळ', आणि प्रत्येकावर नऊ हजार नऊशे. बावीस वर्षांची सवय, बेरीज आपोआप झाली. एकोणसत्तर हजार तीनशे. पाच हजार तीनशे जास्त. शिवाय चारशेच्या दरानं एका बिलात पावणेपंचवीस खुर्च्या येत होत्या. पाऊण खुर्ची कुठली, हे विचारायला बाईंनी तोंड उघडलं, आणि रिकाम्या बसलेल्या कारागिरांकडे पाहून मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तपशील मागितला नाही.

सुधारित यादी निघाली. 'या महिन्याची माहिती निरंक.' समिती आली, यादी पाहून खूश झाली. मोठ्या खरेदीवर एवढा ताबा आपण कुठेच पाहिला नाही, असं अध्यक्षांनी भाषणात सांगितलं आणि बाईंना मंचावर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. समोरच्या एकशे साठ खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. शाळेनं काम परत दिलं.

पैसे सुटले त्या संध्याकाळी दादा वर आला. आंघोळ केलेला, धुतलेला सदरा, कितीतरी दिवसांनी हसरा. त्यानं बाईंच्या हातात एक पाकीट ठेवलं.

"हे काय?"

"पाच हजार तीनशे. तुझे." दादा ओशाळून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "कागदवाला म्हणाला, खरेदीवाल्यांचा वाटा असतो. इतकी वर्षं त्या विभागात आहेस, मला मेल्याला कधी सुचलंच नाही बघ."

पाकीट हातातच राहिलं. दादाला वाटलं, बहीण रागावलीय. त्यानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचा तसा.

"असू दे," तो म्हणाला. "पण हेच हवं होतं तर आधी सांगायचंस ना गं. मी काय नाही म्हणालो असतो?"