दरी आणि दारी

मित्रांनो, मी एक जुनी दरी आहे. डोंगरातली नव्हे, अंथरायची! तेलंगणातल्या आमच्या भैंसा गावात सतरंजीला दरीच म्हणतात. इथल्याच कापसाच्या सुतातून मी विणली गेले. वस्तीची बैठक असली की समाजमंदिरात मला अंथरत. नळ कुठे बसवायचा, नाली कुठून काढायची, सगळं माझ्या अंगावर ठरलं.

मग नव्वदच्या सुमारास लोखंडी खुर्च्या आल्या. चकचकीत, घडीच्या! मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. माझा नुसता जळफळाट झाला. करकर वाजणाऱ्या त्या सटव्यांचं एवढं कौतुक, आणि मला उंदरांची सोबत!

त्याच सुमारास गाव वाढू लागलं. कापसाच्या जिनिंग मिलमागच्या शेतात प्लॉट पडणार होते. नकाशा घेऊन हैदराबादेहून साहेब आले. प्लॉटवाले खुर्च्यांवर बसले. मागच्या गल्लीतल्या भाजीवाल्या विमलबाई आणि इतर बाया भिंतीशी उभ्या राहिल्या. प्लॉट पडले की त्यांच्या हातगाड्यांची बाजाराला जायची वाटच बंद होणार होती. पण उभ्या माणसाला कोण विचारतो?

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि तेलुगूत म्हणाले, "दारी कावाली! दारी!"

दुकानदार केशवराव ताडकन उठले. "अरे, साहेब दरी मांगून राह्यले! काढा ना माळ्यावरची!"

मला खाली काढलं, झटकलं, अंथरलं. खुर्च्या भिंतीकडे गेल्या. काय सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! साहेब हसून म्हणाले, "दरी नहीं, दारी! रास्ता!" पण तोवर बाया बसल्या होत्या. साहेबही मांडी घालून बसले. मागून कोणी आलं की "सरका जरा" म्हणत, आणि जागा होई.

मग विमलबाई बोलल्या, "रस्ता पाह्यजे तं सरका ना थोडे! दरीवर सरकता, मंग प्लॉटवर काऊन नाही सरकत?"

सगळे हसले. केशवरावांनी मात्र नकाशा जवळ ओढला. कोपऱ्यातला प्लॉट त्यांचाच होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मी सरकतो." मग शेजारचाही सरकला. नकाशात रस्ता निघाला.

त्या रस्त्याला लोक कौतुकाने दारी म्हणतात. त्याच्यावर डांबर पडलं, दिवे लागले. मी पुन्हा माळ्यावर आले. खरं सांगते, त्या रस्त्याचाही मला हेवा वाटतो.

आज खाली पुन्हा बैठक आहे. मुलांच्या मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचे म्हणतात. खुर्च्या भरल्या आहेत. खुर्चीवर कोणी सरकत नाही. विमलबाई आता थकल्या आहेत, तरी भिंतीशी उभ्याच आहेत. माझ्या कडा कुरतडल्या गेल्या आहेत, पण मधला भाग अजून धड आहे.

मित्रांनो, कोणीतरी शिडी लावा. मला खाली काढा.