पदरचा शेवट

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कांजूरमार्गला परबांकडे जेवायला जायचं, तर नुसती भूक घेऊन जाऊन भागत नाही. सरत्या वर्षात आपल्याला सगळ्यांत जास्त काय आवडलं ते सांगावं लागतं. एक गाणं, एक सिनेमा, एक मालिका आणि एक खाण्याचा पदार्थ. गाणं स्वतः गाऊन दाखवायचं, मग गळा कसाही असो. पदार्थ करून किंवा घेऊन यायचा. आणि सिनेमा सांगायचा. छान आहे, बघाच, असं म्हणून सुटका नाही. फोन खिशात ठेवून पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत सांगायचा, आणि जसा आहे तसा सांगायचा. पदरचं काही घातलेलं सापडलं तर सगळ्यांचा चहा त्याने करायचा, शिवाय वर्षभर चिडवून घ्यायचं ते वेगळंच.

ही पद्धत चंद्रप्रकाश परबांनी साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून घरी आणली. गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते तिथे प्रेस मशीनवर लागले होते. त्या काळात वर्कशॉपातली मंडळी नवा सिनेमा लागला की एकाला बघायला पाठवत आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडून ऐकत. पुढे पुढे दुसऱ्या कुणाला पाठवणं बंदच झालं, कारण परबांसारखं सांगणारा कुणी नव्हता. आधी कोण कुठे उभं आहे ते सांगायचे, मग हातात काय आहे ते, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. ऐकलेला सिनेमा नंतर कुणी बघून आलं तर तो म्हणायचा, परबचाच चांगला होता. फक्त शेजारच्या मशीनवरचा अंबादास जाधव मुद्दाम बघून यायचा आणि कुठे काय चुकलं ते सांगायचा. जसा आहे तसा हा नियम त्या जाधवांचा. आता दोघेही निवृत्त होते, जाधव मागच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे आणि दर वर्षी बैठकीला हजर असायचे. नियम त्यांनी अजून सोडला नव्हता.

परबांच्या बायकोने, रत्नप्रभाबाईंनी, आजवर एकही सिनेमा सांगितला नव्हता. त्यांचा वाटा म्हणजे कोंबडी-वडे, आणि मालिकेची वेळ आली की दोन वाक्यं. नवऱ्याने सांगायला सुरुवात केली की त्या हातातलं काम टाकून दारात येऊन बसायच्या आणि मनापासून ऐकायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांना या माणसाच्या सांगण्याचं कौतुक होतं, आणि ते त्या लपवतही नसत.

पण या वर्षी चंद्रप्रकाशांचे डोळे गेले. काचबिंदू आत बसून आपलं काम करत होता, आणि यांनी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दिवस काढले. गणपतीला गावी गेले तेव्हा मखरात त्यांना नुसता पिवळेपणा दिसला. तेव्हापासून रत्नप्रभाबाई त्यांचे डोळे झाल्या. जिन्याची पायरी, ताटातली आमटी कुठे आणि भाजी कुठे, पेपरातल्या बातम्या, समोरून कोण येतंय आणि त्याने शर्ट कुठला घातलाय, सगळं त्या सांगू लागल्या. सांगायचं कसं हे त्यांना शिकावं लागलंच नाही. त्या आयुष्यभर उत्तम सांगणाऱ्याच्या समोर बसल्या होत्या.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी तपासलं. डॉक्टर बोलायच्या आधी चंद्रप्रकाशांनी हळूच विचारलं, चेहरा कसा आहे त्यांचा? रत्नप्रभाबाईंनी खरं ते सांगितलं, पडलाय. त्याच आठवड्यात मुलाने, सुयोगने, दोघांना मुलुंडच्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाची तिकिटं काढून दिली. लग्नाच्या बँडमधल्या दोन भावांचा सिनेमा होता. थोरला क्लॅरिनेट वाजवणारा, धाकटा ढोल. कधीतरी दोघांचं बिनसतं आणि अबोला धरला जातो. म्हातारपणी थोरला वर्सोव्याहून होडीने मढला जातो, धाकट्याच्या दारात उभा राहतो आणि हाक न मारता नुसती क्लॅरिनेट तोंडाला लावतो. तिथून पुढे सिनेमात एक अक्षर बोललेलं नाही.

रत्नप्रभाबाई तोपर्यंत सगळं जसंच्या तसं कानात सांगत होत्या. मग पडद्यावर दार उघडलं. धाकट्याची मुलगी बाहेर आली, तिच्या हातात ढोल होता, आणि तिच्या मागे भिंतीवर धाकट्याचा हार घातलेला फोटो. रत्नप्रभाबाईंना ते तोंडातून काढवेना. एका आठवड्यात किती वाईट सांगायचं माणसाने? त्या म्हणाल्या, दार उघडलं, भाऊच ढोल घेऊन बाहेर आलाय, दोघे बघतायत एकमेकांकडे, हसतायत. चंद्रप्रकाशांनी मध्ये एकदा काहीतरी विचारलं, त्यालाही त्यांनी सुचेल ते उत्तर दिलं.

तेवढ्यावर मिटलं असतं तर बरं होतं. पण बैठकीच्या आदल्या दिवशी चंद्रप्रकाशांनी जाहीर केलं की या वर्षी आपला सिनेमा तोच. त्या दोन भावांचा. वर्षातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट, शेवटासकट.

तो सिनेमा घरातल्या सगळ्यांनी पाहिला होता. रत्नप्रभाबाईंनी सुचवून पाहिलं की एखादा जुना सांगा, सगळ्यांना आवडेल. नियम यंदाचाच आहे, असं उत्तर मिळालं. लोक हसतील याची त्यांना भीती नव्हती. त्या घरात कुणी हसलं नसतं. भीती वेगळीच होती. ज्या माणसाने विश्वासाने स्वतःचे डोळे आपल्या हवाली केले, त्याला आपण नसलेलं दाखवलं. उद्या हे कळलं तर तो रस्ता ओलांडताना आपलं ऐकेल का? औषधाच्या गोळीचा रंग सांगितला तर खरा धरेल का? एकदा मनात शंका आली तर त्याच्याकडे दुसरं काय होतं?

रविवारी वडे थापता थापता त्यांनी सून निधीला सगळं सांगून टाकलं. निधी आधी हसली, मग सासूबाईंचा चेहरा बघून गप्प झाली. तिने लगेच सुयोगला, मुलीला, गंधालीला, आणि बोरिवलीहून येणाऱ्या नणंदेला, श्वेताला, बजावलं की बाबा शेवट काहीही सांगोत, कुणी ब्र काढायचा नाही.

"आणि जाधवकाका?" निधीने विचारलं.

जाधवांना गाठून सांगायचं रत्नप्रभाबाईंनी ठरवलं होतं. पण चंद्रप्रकाश त्या दिवशी गॅलरीतच बसून होते, आणि जाधव बायकोच्या हातच्या पाटवडी रश्श्याचं पातेलं घेऊन आले तेच मित्राच्या शेजारी जाऊन बसले. दोन तास हलले नाहीत.

बैठक सुरू झाली. श्वेताने रिक्षात ऐकलेलं एक गाणं म्हटलं आणि वरच्या पट्टीत गेल्यावर स्वतःच थांबली. सुयोगला वर्षभर ऑफिसातून वेळ मिळाला नव्हता, त्याने मालिका म्हणून गंधालीच्या कोरियन मालिकेचं नाव घेतलं आणि तिने त्याला दोन प्रश्नांत उघडं पाडलं. निधीने घाटकोपरच्या खाऊगल्लीतून पदार्थ आणला होता, चीजमध्ये बुडवलेला डोसा. जाधवांनी तो खाल्ला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की यात डोसा कुठे आहे ते कळलं नाही. पाटवडीच्या रश्श्याने सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, आणि वर्षाचा पदार्थ तोच ठरला. एरवी रत्नप्रभाबाईंना या गोंधळाचं कोण सुख वाटायचं. आज त्यांचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडे होतं.

चंद्रप्रकाशांनी पाणी मागितलं आणि सांगायला सुरुवात केली.

काय सांगितलं त्यांनी! डोळे नव्हते तरी एकही गोष्ट हरवली नव्हती. बँडवाल्यांच्या कोटाची तुटलेली बटणं आली, वरातीत नाचणारा मामा आला, होडीत थोरल्याच्या शेजारी बसलेली मासळीची टोपली आली. गंधाली फोन विसरून पुढे सरकून बसली. सिनेमा पाहिलेल्या माणसांना तो पुन्हा दिसू लागला, आणि रत्नप्रभाबाईंना कळेना की छाती अभिमानाने भरून आलीय की धास्तीने. कारण त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी त्या अंधारात या कानात घातलेला होता, आणि तो किती जपून ठेवला गेला होता ते त्या आज ऐकत होत्या.

"म्हातारा दारात उभा राहिला," चंद्रप्रकाश म्हणाले. "वरातीत दोघे मिळून वाजवायचे तीच चाल त्याने सुरू केली. ढोलाची जागा आली की थांबायचा, तेवढी जागा रिकामी सोडायचा आणि पुढे जायचा. मग दार उघडलं. भाऊच बाहेर आला. दोघे एकमेकांकडे बघून हसले."

निधीने सुयोगच्या गुडघ्यावर हात दाबला. अंबादास जाधवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि घसा साफ केला.

"परब," ते म्हणाले, "शेवट..."

"थांब रे," चंद्रप्रकाश म्हणाले. "तुझी वळवळ मला ऐकू येतेय. माझं झालेलं नाही अजून."

ते रत्नप्रभाबाईंच्या दिशेने वळले. नेमकी दिशा त्यांना ठाऊक होती, कारण बाई इतकी वर्षं सिनेमा ऐकायला त्याच दारात बसत आल्या होत्या.

"भाऊ ढोल घेऊन आला, असं ही म्हणाली. मी म्हटलं, आता वाजेल. कान लावून बसलो. क्लॅरिनेटवाला जागा सोडतोय, सोडतोय, ढोल काही वाजेना. मी विचारलं, वाजवत का नाही? तर म्हणाली, नुसता ऐकतोय. अरे, ढोलवाला असा नुसता ऐकेल?" ते हसले. "माझे डोळे गेलेत, कान नाहीत गेले. मागच्या रांगेत एक बाई हुंदके देत होती. भाऊ भेटल्यावर असं कोण रडतं? आणि माझ्या मनगटावर टपटप पाणी पडत होतं. पाणी पडतंय, आणि ही कानात सांगतेय, दोघे हसतायत."

रत्नप्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. आपण रडत होतो हे त्यांना तेव्हा कळलंसुद्धा नव्हतं.

"माका तेव्हाच कळला गे," ते आता फक्त बायकोशी बोलत होते. "डॉक्टराचा चेहरा पडलाय, तां तू सांगलंस. तां लपवलंस नाय. म्हणून बाकी सगळ्यावर माझो इश्वास असा. ह्या एकच तू पदरचा घातलंस." मग ते पुन्हा सगळ्यांकडे वळले. "मी आयुष्यभर दुसऱ्यांना सिनेमे सांगितले. मला कुणी सांगितला नव्हता. या वर्षी सांगितला, आणि असा सांगितला. थिएटरातला शेवट काय असेल तो असो. मला आवडला तो हिचा. बोल जाधव, आता बोल."

वर्कशॉपमध्ये जाधवांनी परबांच्या चुका काढण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. तो सिनेमा त्यांनी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा शेवटानंतर बराच वेळ खुर्चीतून उठता आलं नव्हतं, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

रत्नप्रभाबाई उठल्या. पदरचं घातलेलं सापडलं होतं आणि चहाचं भांडं ओट्यावर होतं. त्यांना हलकं वाटत होतं, इतकं की सगळ्या बिल्डिंगला चहा कर म्हटलं असतं तरी त्यांनी केला असता. त्यांना वाटलं, आपण याला काही दाखवतोय असं समजत होतो, आणि हा आपल्यालाच बघत बसला होता.

"वहिनी, बसा," जाधव म्हणाले. "चहा मी करतो."

"नियम तुमचाच आहे, भावोजी."

"माझाच आहे, म्हणून तर सांगतोय." ते उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, आधण ठेवलं आणि दारात येऊन उभे राहिले. हातात साखरेचा डबा होता आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक नव्हता. "परबने चार वाक्यांत उरकलं. तुम्ही सांगा. दार उघडतं, तिथून सांगा."

सगळ्यांनी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. गंधालीने सरकून आजीसाठी पुढे जागा केली. त्या दार सोडून पहिल्यांदाच बैठकीच्या मध्ये येऊन बसल्या, आणि सवयीने त्यांचा हात नवऱ्याच्या मनगटावर गेला.

"म्हातारा अंगणात आहे, तुळशीच्या अलीकडे," त्यांनी सुरुवात केली. "हातात क्लॅरिनेट. धाकटा उंबऱ्यावर उभा आहे, गळ्यात ढोल. आणि चेहरा..."

त्या थांबल्या. चंद्रप्रकाश मान किंचित कलती करून ऐकत होते.

"चेहरा सांगते," त्या म्हणाल्या. "पण आधी तो ढोल वाजवतो."