बुडबुडा खिडकीकडेच गेला

सुताराच्या पेटीतून मी लेव्हल बोलतेय. हातभर लांबीची पिवळी पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत हिरवं स्पिरिट आणि त्यात एक बुडबुडा. फळी सरळ असेल तर तो दोन रेघांच्या मध्ये थांबतो, नाहीतर उंच बाजूला पळतो. माझ्याही पोटात दारूच्याच जातीचं पाणी आहे, पण ते काचेत बंद आहे. माझ्या मालकाचं तसं नव्हतं.

लोक त्याला मिस्त्री म्हणत. त्यानं बसवलेल्या कपाटाचं दार बोटानं ढकललं तरी आवाज न करता मिटायचं. बायकोशी आणि बुडबुड्याशी वाद घालायचा नाही, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. मुलगी सात वर्षांची असताना त्यानं तिला माझी परीक्षा घ्यायला शिकवलं. लेव्हल ठेवायची, बुडबुडा कुठे जातो ते बघायचं, मग लेव्हलची टोकं उलटसुलट करून तिथेच ठेवायची. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला गेला, तर लेव्हल बरोबर आणि फळी वाकडी.

पुढे अंगदुखीवर म्हणून घेतलेला पेला रोजचा झाला, मग सकाळचाही झाला. तो घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबेना. बायको गिऱ्हाइकांना फोनवर सांगायची, त्यांना ताप आहे. मुलीची आजी म्हणायची, कष्टाचं शरीर आहे, घेऊ दे. मोठे काका म्हणायचे, चारचौघांत विषय नको. सगळ्यांनी मिळून इतकं झाकलं की मिस्त्रीला स्वतःलाही ते दिसेना.

मुलगी कॉलेज संपवून घरी आली, तेव्हा तिच्या पुस्तकांसाठी तो फळी लावायला बसला. चार वेळा स्क्रू काढले, फळी कललेलीच. शेवटी त्यानं मला जमिनीवर टाकलं.

"लेव्हल बिघडलीय."

मुलीनं मला उचलून फळीवर ठेवलं. बुडबुडा खिडकीकडे गेला. तिनं मला फिरवलं. बुडबुडा खिडकीकडेच गेला.

"लेव्हल बरोबर आहे, बाबा."

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "मला कुठेतरी घेऊन चल."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदा उच्चारलं होतं. ती त्याच दुपारी त्याला डॉक्टरांकडे नेणार होती. पण मोठे काका दारात उभे राहून म्हणाले, दवाखान्यात गेलं की सगळीकडे बोभाटा होणार. खोलीत कोंडा, तीन दिवसांत उतरेल.

"काका, तुम्हाला भाऊ वाचवायचाय की अब्रू?" तिनं विचारलं. काकांनी मिस्त्रीला खोलीत घालून कुलूप लावलं. किल्ली काकांच्या खिशात गेली. ती भांडली, रडली, दाराबाहेर बसून राहिली. मी आत होते, त्याच फळीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला झटके आले. त्यानंच घडवलेल्या टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं ते मुलीनं घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं. इतक्या वर्षांची दारू शरीराला एकदम सोडवत नाही, त्यात जीवही जाऊ शकतो. ती औषधं देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. हा आजार आहे, आणि तो स्वतः मदत मागत होता. काका मान खाली घालून ऐकत होते.

मिस्त्री वाचला. डोक्याला बसलेल्या मारानं उजव्या हातातलं बळ मात्र गेलं. सात महिने तो प्यायला नाही, मग एकदा घसरला. काका म्हणाले, बघ, सांगत होतो. मुलीनं फक्त बाबांचा शर्ट पुढे केला आणि त्यांना पुन्हा उपचार केंद्रात घेऊन गेली.

गेल्या रविवारी तिनं मलाही नेलं. मिस्त्रीनं डाव्या हातानं मला तिथल्या बाकावर ठेवलं. बुडबुडा भिंतीकडे गेला. फिरवलं, तरी भिंतीकडेच.

"या लोकांचा बाकच वाकडा आहे गं," म्हणत तो हसला. मुलीनं भेटीच्या चिठ्ठीची घडी करून बाकाच्या दुसऱ्या बाजूच्या पायाखाली सारली. बुडबुडा मध्ये आला. पण त्याचा हात माझ्यावर होता आणि तो थरथरत होता, म्हणून बुडबुडाही थरथरत राहिला.

तो आता कपाटं बसवणार नाही, हे मला कळलंय. मी पेटीतच राहीन. पण सुताराकडे आयुष्य काढल्यावर एवढं सांगू शकते, की कललेली फळी शिव्या देऊन सरळ होत नाही. खाली पाचर लावावी लागते. ती सरकते. मग पुन्हा लावायची. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर फोनवर कुणाला सांगू नका की त्यांना ताप आहे.