परेडच्या मैदानावरचा पाया

पुकारूमीत, आमच्या डोंगरातल्या गावात, आधी लष्कराची छावणी आली. दवाखाना तिच्या मागोमाग येणार होता.

जमीन आमची होती, म्हणजे कोणा एकाची नव्हे, अख्ख्या गावाची. तिथं सगळ्यांच्या मेंढ्या चरायच्या. सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा राजधानीतले साहेब आले, गावसभेपुढं टोप्या काढून उभे राहिले आणि म्हणाले, "छावणीला जागा द्या, शेजारीच तुम्हाला दवाखाना बांधून देतो." आम्ही हात वर केले. छावणी बघता बघता उभी राहिली. वीज आली, पण ती तारेच्या कुंपणाच्या आतच थांबली. आत खाटा, ऑपरेशनची खोली, डॉक्टर. दवाखान्याचं विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं असायचं, "लढाई चालू आहे, तिजोरीत पैसा नाही." आणि हे उत्तर ऐकून आम्ही माघारी वळायचो तेव्हा नव्या तोफा ओढणारे ट्रक चढावर घरघरत असायचे.

नार्सिसाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी घाटात दरड कोसळली होती. शहराकडची बस बंद. आमची सुईण बाल्तासारा, जिनं निम्म्या गावाची नाळ कापली आहे, तिनं नार्सिसाच्या पोटावरून हात फिरवला आणि तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं.

"असेन्सियो, पोर आडवं आहे. हे माझ्या हातातलं काम नाही. छावणीत ने."

"मावशी, ते आत घेतील का?"

"नाही घेतलं तर फाटकातच झोपव तिला. पण ने."

आम्ही तिला घोंगडीची झोळी करून नेलं. कॅप्टन इतुराल्दे स्वतः फाटकावर आला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. त्यानं नार्सिसाचा चेहरा पाहिला आणि ओरडला, "उघडा फाटक! बघत काय बसलात?" डॉक्टरनं पोट उघडून मुलगी काढली. मायलेकी दोघी वाचल्या.

मग कॅप्टनच मुलीचा धर्मपिता झाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्यासमोर त्यानं तिला हातावर घेतलं आणि नाव ठेवलं विक्टोरिया, म्हणजे विजय. सरहद्दीवर तेव्हा आपलीच सरशी आहे असं रेडिओ सांगत होता. त्या दिवसापासून तो नार्सिसाला 'कोमाद्रे' म्हणायचा आणि असेन्सियो त्याला 'कोंपाद्रे'. धर्मपित्याशी जोडलेलं हे नातं आमच्यात सख्ख्या भावापेक्षा कमी नसतं. असेन्सियोची छाती फुगली होती. चिचाचा, आमच्या मक्याच्या दारूचा, पेला उंचावून तो सगळ्यांना सांगत होता, "आता आपला माणूस आत आहे!"

"आपला की तुझा?" बाल्तासारा म्हणाली. सगळे हसले. असेन्सियोही हसला.

बटाटे काढून झाल्यावर ओब्दुलियाची पाळी आली. ती नार्सिसाची शेजारीण; दोघींच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत. कळा भलत्याच लांबल्या, रक्त जायला लागलं, तशी नार्सिसानंच पुढाकार घेतला. विक्टोरियाला पाठीला बांधलं आणि झोळीच्या पुढं चालत फाटकाशी गेली.

"कोंपाद्रेला सांगा, मी आले आहे."

कॅप्टन आला, विक्टोरियाच्या गालाला हात लावला आणि मग झोळीकडं पाहिलं.

"कोमाद्रे, हे मला जमणार नाही."

"का? खोली तीच, डॉक्टर तोच."

"मागच्या वेळेस मला वरून बोलणी खावी लागली. हा सैनिकांचा दवाखाना आहे. एकीला घेतलं की सगळा डोंगर येऊन बसेल इथं. तुमची गोष्ट वेगळी. तुमच्यासाठी हे फाटक केव्हाही उघडं आहे."

"मी आजारी नाही, कोंपाद्रे. ही आहे."

"मी ट्रक देतो. शहरात घेऊन जा. लगेच देतो."

ट्रक त्यानं खरंच दिला. पण घाटाचा रस्ता कसा आहे ते त्यालाही माहीत होतं. ओब्दुलिया वाचली. बाळ ट्रकमध्येच जन्मलं आणि घाटाच्या उताराला लागायच्या आधीच गेलं. ट्रकच्या लोखंडी फळीवर, गोळ्यांच्या रिकाम्या पेट्यांच्या मधोमध बसून नार्सिसानं ते बाळ मांडीवर धरलं होतं आणि पाठीवर तिची स्वतःची पोर निवांत झोपली होती.

परत आल्यावर ती रडली नाही. सरळ गेली आणि गावसभेचा शंख फुंकला.

शाळेच्या ओट्यावर सगळं गाव जमलं. राष्ट्रीय दिन जवळ आला होता. त्या दिवशी नव्या तोफांसाठी मंत्री येणार, परेड होणार, आणि व्यासपीठावरून नार्सिसानं विक्टोरियाला कडेवर घेऊन लष्कराचे आभार मानायचे, असं कॅप्टननं आधीच ठरवून टाकलं होतं.

असेन्सियो उठला. "हे बघा, चिडून काय मिळणार? मंत्री येतोय. नार्सिसा गोड बोलली तर त्यांचं मन वळेल. मला ड्रायव्हरची नोकरी कबूल केलीय कोंपाद्रेनं. उद्या तुमच्यातल्याही एकेकाची ओळख होईल. असंच होतं, हळूहळू."

"म्हणजे प्रत्येक बाईनं पोट दिसायला लागलं की आपापला कॅप्टन शोधायचा?" बाल्तासारानं विचारलं.

"मावशी, तुमची जीभ..."

"माझी जीभ राहू दे. ओब्दुलियानं कोणता शोधायचा होता ते सांग."

ओब्दुलिया खांबाला टेकून बसली होती. तिच्याकडं बघायची कोणाची हिंमत होत नव्हती. मग तीच बोलली, अगदी हळू. "जमीन कोणाची आहे?"

"गावाची," आम्ही म्हणालो.

"कशासाठी दिली होती?"

सगळ्यांनी छावणीकडं पाहिलं.

नार्सिसा उभी राहिली. "परेडच्या दिवशी आपण मिंगा करू. रस्त्यासाठी करतो, पाटासाठी करतो, तशीच. घरटी एक माणूस, एक कुदळ. दवाखाना तेच बांधून देणार असं कशाला धरून बसायचं? पाया आपण खणू."

"कुठं?"

"शेजारी म्हणाले होते ना? परेडचं मैदान आहे की शेजारी."

आधी हशा पिकला. मग हसणं थांबलं आणि एकेक हात वर यायला लागला. असेन्सियोचा आला नाही.

त्या दोघांचं घरी जे भांडण झालं ते कुडाच्या भिंतीतून ओब्दुलियानं ऐकलं आणि तिच्याकडून आम्ही. "ज्यानं तुझा जीव वाचवला त्याच्या अंगणात खड्डा खणणार?" असेन्सियो ओरडत होता. "जीव डॉक्टरनं वाचवला," नार्सिसा म्हणाली, "आणि त्याचे आभार मी मानणार आहे. सगळ्यांसमोर."

राष्ट्रीय दिनाला लख्ख ऊन पडलं होतं. मैदानावर चुन्याच्या रेघा, बाजूला हिरव्या रंगाच्या कोऱ्या तोफा, बँड, शहरातून आलेले फोटोवाले. मंत्री छान बोलत होता. "सरकारकडं हात पसरण्याचे दिवस संपले! जो स्वतःच्या पायावर उभा राहतो तोच देशाचा खरा सैनिक! प्रत्येकानं स्वतःचं पाहावं, म्हणजे देश आपोआप बलवान होईल!"

"हात पसरायला तर तुम्ही आला होतात!" गर्दीतून बाल्तासारा ओरडली. "आमच्या जमिनीसाठी!"

बँडवाल्यानं घाईघाईनं ढोल वाजवला. मग नार्सिसाचं नाव पुकारलं. ती विक्टोरियाला घेऊन वर चढली. हॅट सरळ केली. समोरच्या माइकला ती घाबरेल असं आम्हाला वाटलं होतं.

"मी डॉक्टरसाहेबांचे आभार मानते," ती म्हणाली. "त्यांनी ही मुलगी दिली. कॅप्टनसाहेबांनी फाटक उघडलं, त्यांचेही मानते. पण ओब्दुलियासाठी फाटक उघडलं नाही. ती माझ्यासारखीच बाई आहे, तिचं पोर माझ्या पोरीसारखंच होतं. ज्या खोलीत मला घेतलं आणि तिला नाही, त्या खोलीचे आभार मला मानता येत नाहीत. या तोफा सरहद्दीसाठी आहेत म्हणता. आम्ही इकडं कोणाच्या हातून मरतोय ते एकदा येऊन बघा."

माइक कोणीतरी बंद केला. तिनं हात वर केला आणि टेकडीवरून शंख वाजला.

शाळेच्या मागून आम्ही निघालो. बाया, म्हातारे, सगळे. खांद्यावर कुदळी, फावडी, घमेली. चुन्याच्या रेघा तुडवत मैदानाच्या कोपऱ्यात गेलो, दोरी ताणली आणि खणायला लागलो. पहिली कुदळ ओब्दुलियानं मारली. अजून अशक्त होती ती, कुदळ नीट रुतलीही नाही. तिनं पुन्हा मारली.

"हटवा यांना!" कॅप्टन ओरडला.

सैनिक पुढं आले. पण ते होते कोण? सक्तीच्या भरतीत उचललेली याच डोंगरांतली पोरं. एकानं बंदूक आडवी धरून बाल्तासाराला मागं रेटायचा प्रयत्न केला. तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"तू इलारियोचा ना? उलटा जन्मलास. पायांनी बाहेर ओढला होता तुला मी. ढकल आता मला."

तो लाल झाला आणि बाजूला सरकला. बाकीचे घुटमळले. फोटोवाले पुढं सरसावले तसा मंत्री कॅप्टनच्या कानाशी लागला आणि मग हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला, "ज्यांना काही अडचण आहे त्यांनी एकेकानं माझ्या सचिवाला भेटा. प्रत्येकाचं वेगळं ऐकून घेऊ!"

सचिवासमोर रांग लागली, हे खरं आहे. चार-दोन माणसं गेली. असेन्सियो पहिला होता. हॅट हातात घेऊन तो उन्हात उभा राहिला आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याची बायको पोरीला पाठीशी बांधून माती उपसत होती. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सैनिकांनी चर बुजवला. आम्ही पुन्हा खणला. त्यांनी पुन्हा बुजवला. तिसऱ्या खेपेला तेच इतके कंटाळले होते की माती नुसती वरवर लोटून गेले. फोटो राजधानीच्या पेपरात छापून आले होते. पुढं बुजवायचा हुकूमच आला नाही.

असेन्सियोला ड्रायव्हरची नोकरी मिळाली. नार्सिसा त्याच्याशी कामापुरतं बोलायची, ताट वाढायची आणि निघून जायची. पाया भरायला दगड हवे होते आणि ते खाली नदीत. आम्ही गाढवांवरून आणत होतो. एका सकाळी लष्कराचा ट्रक मैदानाच्या कोपऱ्यावर थांबला, मागची फळी पडली आणि नदीतले गोटे धडधड खाली आले. असेन्सियो उतरला नाही. काचेतून म्हणाला, "येताना ट्रक रिकामाच असतो." आणि निघून गेला. त्यानंतर रोज येताना ट्रक रिकामा नसायचा. त्या पहिल्याच संध्याकाळी नार्सिसानं त्याच्या ताटात कुईची, सणालाच कापतात त्या घरच्या गिनीपिगची, तंगडी वाढली. हेही ओब्दुलियानंच सांगितलं.

कॅप्टनला हे दगड दिसत नव्हते असं नाही. पण त्यानं ट्रक कधी अडवला नाही. भिंती खांद्याइतक्या झाल्या तेव्हा त्याची बदली जंगलातल्या कुठल्याशा चौकीवर झाली. जाण्याआधी तो नार्सिसाकडं आला. तिनं त्याला बसायला मेंढीचं कातडं दिलं, बटाटे आणि चीज पुढं ठेवलं.

"तुमच्या पोरीचा जीव वाचवला मी," तो म्हणाला. "आणि तुम्ही मंत्र्यासमोर माझं तोंड काळं केलंत."

"वाचवलात. म्हणून तुम्ही या घरात कधीही या, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही."

"मग का केलंत असं?"

"तुम्ही मला निवडलंत, कोंपाद्रे. मला निवडून घ्यायचं नव्हतं."

त्यानं बराच वेळ बटाटा सोलला. "मी फाटक उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

"माहीत आहे. म्हणूनच आम्हाला फाटक नसलेला दवाखाना हवा होता."

त्यानं विक्टोरियाच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि गेला. पुढं बरीच वर्षं तिच्या वाढदिवसाला त्याच्याकडून काही ना काही यायचं. नार्सिसा ते घ्यायची.

छप्पर घातल्यावरही सरकारनं डॉक्टर दिला नाही. मग आम्ही पोरंबाळं घेऊन राजधानीत गेलो, मंत्रालयाच्या आवारात चुली पेटवल्या आणि सातूची पेज शिजवत बसलो. धूर वरच्या मजल्यावर गेला तेव्हा एक नर्स मिळाली. डॉक्टरसाठी पुन्हा जावं लागलं. विजेची तार तर आम्ही छावणीच्या खांबावरूनच ओढली. तक्रार आली, ती अजून पडून आहे.

आता नार्सिसा गावसभेची अध्यक्ष आहे. मध्यंतरी छावणीचा नवा मेजर आला. फार अदबीचा माणूस. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, तोफांची नवी शेड बांधायची आहे, मैदान अपुरं पडतं, गावानं वरच्या अंगाची थोडी जमीन द्यावी. बदल्यात सरकार शाळेला नवीन खोल्या देईल.

"आधी खोल्या," नार्सिसा म्हणाली.

"बाई, तसं होत नसतं. लढाईचे दिवस आहेत, तुम्ही देशाचा विचार करा."

"तोच करतोय सगळे बसून," ती म्हणाली आणि आमच्याकडं वळली. "शेडला जमीन द्यावी असं कोणाला वाटतं?"

मेजरनं सगळ्या ओट्यावरून नजर फिरवली. असेन्सियोसकट सगळ्यांचे हात मांडीवर होते.